राजुरीहून मोंबासाला, आणि वाटेत वेलजीबापा

"राती जहाज कुठं लावता राव?"

आमच्या राजुरीत डेअरीवर दूध घालायला गेलो की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. कुठंच लावत नाही, ते चालतच असतं, असं मी सांगतो. मग विचारणारा हातातली किटली खाली ठेवतो आणि काळजीनं म्हणतो, "आन् डायवर झोपतो कवा?"

मी हसत नाही. पहिल्यांदा जहाजावर चढलो तेव्हा मला तरी यापेक्षा जास्त कुठं ठाऊक होतं? नव्वदचं दशक संपत आलं होतं. मुंबईजवळच्या एका संस्थेत मी खलाशाचं प्रशिक्षण घेतलं होतं, पण तिथून दिसायची ती खाडी. गुडघाभर चिखल आणि त्यापलीकडं करड्या पाण्याची पट्टी. खरा समुद्र मला पुढं दिसला. जे गेले नाहीत, त्यांच्यासाठी त्या पहिल्या सफरीची ही हकिगत.

राजुरी आणि डिंभे

आमच्या घरात समुद्राशी कुणाचाच संबंध नव्हता. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, यारी होती. विहीर खोदताना खालचे दगड वर उचलायची क्रेन म्हणजे यारी. पंचक्रोशीत कुठं विहीर निघाली की अण्णा यारी घेऊन जायचे. दोर कमरेला बांधून मी किती विहिरींत उतरलो असेन याची गणती नाही. साठ-सत्तर फूट खाली गेलं की वर आभाळाचं ताट दिसायचं. भीती अशी कधी वाटली नाही.

अण्णा माझ्या जाण्यावर फार बोलले नाहीत. "दोराचंच काम हाये ना तितं बी? मंग जा," एवढंच म्हणाले. खरा विरोध आईचा होता, आणि तो पोकळ नव्हता. तिचं माहेर डिंभ्याच्या धरणात गेलं होतं. घर, गोठा, देवळापुढची चिंच, सगळं पाण्याखाली. मामा उठून धरणाच्या खाली घोडेगावच्या बाजूला राहायला आला. तेव्हापासून मोठं पाणी पाहिलं की आई पदर तोंडाशी धरायची.

निघायच्या आधी मामाला भेटायला आम्ही मायलेक डिंभ्याला गेलो. घोडेगावला दोन तास थांबलो तेव्हा कुठं पुढची गाडी आली. मामानं धरणातली चिलापी मासळी आणली होती. मामीनं ती कोरडी भाजून तांदळाच्या भाकरीबरोबर वाढली. जेवण झाल्यावर मामा मला ओळखीच्या कोळ्याच्या होडीतून पाण्यात घेऊन गेला. मधोमध आल्यावर त्यानं वल्हं थांबवलं आणि खाली बोट दाखवलं.

"हितं तुझ्या आईचं घर."

मी वाकून पाहिलं. हिरवं पाणी, बाकी काही नाही. काठावर आई उभी होती. होडीत यायला तिनं साफ नकार दिला होता. आम्ही परत आलो तेव्हा ती म्हणाली, "पान्यानं माझं माह्यार गिळलं. आता पोरगं बी त्याच्याच हवाली करायचं का?"

मामा म्हणाला, "आक्का, आगं पानी कुनाचं वैरी नसतंय. आमी आता त्याच्यावरच जगतो की."

आईनं पदर खोचला आणि रस्त्याकडं चालू लागली. परतीच्या गाडीत खिडकीकडं तोंड करून बसली. घरी आल्यावर मात्र तिनं माझी पिशवी भरायला घेतली. शेंगदाण्याचे लाडू, लसणाची चटणी, आणि जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेला किलोभर कांदा-लसूण मसाला.

कांडला

आळेफाट्याला कांतिशेठचं किराणा दुकान होतं आणि दुकानात एसटीडीचा फोन होता. कांतिशेठचे आजोबा राजस्थानातून आले, पण शेठ बोलायला आमच्याहून पक्के राजुरीकर. जहाजावरून निरोप आला तर तो घरी पोचवायची जबाबदारी त्यांनी आपणहून घेतली. "तू फकस्त बंदर कुठलं ते सांगत जा. माझ्याकडं नकाशा हाये," म्हणाले. त्यांच्या धाकट्याच्या शाळेचा नकाशा होता तो. त्यांनी खरंच तो गल्ल्यामागच्या भिंतीवर डकवला.

माळशेज उतरून कल्याण, तिथून मुंबई, मग गांधीधामची गाडी. या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. फक्त एवढंच, की मसाल्याचं फडकं कुठंतरी सुटलं आणि माझे दोन्ही नवे पांढरे शर्ट लाल झाले. कांडला बंदरात मी जहाजाच्या शिडीपाशी पोचलो तेव्हा माझ्यापुढं मसाल्याचा वास चालत होता.

शिडीच्या वरच्या टोकाला एक पांढऱ्या दाढीचा, बुटका, रुंद खांद्यांचा माणूस उभा होता. जहाजावरच्या खलाशांचा मुकादम म्हणजे बोसन. हे आमचे बोसन, इब्राहिमचाचा, दाभोळ खाडीच्या एका गावचे. त्यांनी हवेत नाक फिरवलं.

"घाटावरचा काय रे तू?"

"हो. जुन्नर तालुका. कसं ओळखलंत?"

"नाक आहे अजून शाबूत," ते म्हणाले आणि माझी पिशवी माझ्या हातातून घेऊन पुढं चालू लागले. त्या दिवसापासून जहाजावर माझं संपत हे नाव पुसलं गेलं. चाचांनी मला "घाटी" म्हणायला सुरुवात केली आणि मग पंजाबी कॅप्टनसाहेबांपासून गोव्याच्या भंडाऱ्यापर्यंत सगळ्यांनी. भंडारी म्हणजे स्वयंपाकी. उरलेला मसाला मी त्याच्या स्वाधीन केला, आणि त्यानं त्याच दुपारी तो माशाच्या कालवणात घातला. राजुरीचा मसाला आणि गोव्याचं नारळाचं वाटण एका पातेल्यात. चाचांनी ताट बोटानं पुसून संपवलं. मग ताट पुढं करून म्हणाले, "आण आणखी."

पाण्यावरचे पहिले दिवस

साखरेची पोती भरून आम्ही मोंबासाच्या दिशेनं निघालो. पहिल्या सकाळी मी रेलिंगला धरून उभा राहिलो आणि चारी बाजूंना पाहिलं. आमच्याकडं कुठंही उभं राहा, नजर कशाला तरी अडते. शिवनेरी दिसतो, हडसर दिसतो, नाहीतर कुणाच्या तरी शेतातला आंबा दिसतो. इथं नजरेला टेकायलाच जागा नव्हती. मला त्याचीच चक्कर आली की लाटांची, कोण जाणे. दुपारपर्यंत मी आडवा झालो.

तीन दिवस पोटात पाणी ठरलं नाही. चौथ्या दिवशी चाचा आले, माझ्या हातात सुकी खारी दिली आणि बखोटीला धरून मला डेकवर नेलं.

"झोपलास तर आणखी लागेल. गंज खरवडायला बस. लांब बघ, पायाशी नको."

मी हातोडीनं गंज काढू लागलो. जहाजावर नव्या खलाशाचं मुख्य काम हेच: गंज काढायचा, रंग लावायचा, तो रंग वाळेपर्यंत पुढचा गंज काढायचा. आमच्याकडं खुरपणी असते ना, एका टोकाला संपेपर्यंत दुसऱ्या टोकाला तण उगवतं, तसंच. त्या कामानंच मला बरं केलं. संध्याकाळी खारी पोटात राहिली आणि चाचा म्हणाले, "झाला घाटी खलाशी."

तेवढ्यावर भागलं नाही. मोंबासा विषुववृत्ताच्या थोडं खाली आहे. पहिल्यांदा ते ओलांडणाऱ्याला समुद्राच्या राजापुढं हजर करायची जगभरच्या जहाजांवर रीत आहे. आमचा राजा म्हणजे भंडारी. डोक्यावर पत्र्याचा मुकुट, दाढी दोराच्या काथ्याची. मला ग्रीस फासलं, वरून मैदा ओतला, डोक्याचे अर्धे केस कातरले आणि मग समुद्राच्या पाण्यानं अंघोळ घातली. आमच्याकडं नव्या नवऱ्याचे मेव्हणे काय कमी छळतात! पण नंतर त्याला जेवायला पहिल्या पंगतीत बसवतात. तसंच इथंही. अंगावरचं ग्रीस पुरतं निघायच्या आत माझ्यासाठी शिरा आला. केस बाकी महिनाभर तसेच राहिले.

मोंबासा

मोंबासाला साखर उतरायला दहा दिवस लागले. सुट्टीच्या दिवशी मी एकटाच बाजारात गेलो आणि रस्ता चुकलो. हिंदी चालत नव्हतं, इंग्रजी माझंच चालत नव्हतं. शेवटी एका टपरीसमोर थांबलो. एक जाडजूड बाई तव्यावर काहीतरी शेकत होती. मी बोटानं विचारलं.

"चपाती," ती म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी पुन्हा विचारलं. "चपाती!" ती जोरात म्हणाली, आणि किटलीकडं बोट करून, "चाय."

घरापासून एवढ्या लांब येऊन मी चपाती खाल्ली आणि चाय प्यालो. हळूहळू कळलं की तिथं गाडीला "गारी" म्हणतात आणि दुकानाला "डुका". कधीकाळी आपल्याकडची माणसं गलबतांतून गेली असणार आणि शब्द तिथंच ठेवून आली असणार. बाईनं मग मला उगाली खायला घातली. मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सोबत चिरलेली पालेभाजी. तिनं हातानं तोडून, अंगठ्यानं खळगा पाडून, त्यात भाजी उचलून दाखवली. मी तसंच केलं. ती टाळ्या वाजवून हसली. आमच्या आईसमोर एखादा परदेशी पाहुणा नीट भाकरी मोडून खाईल, तर ती अशीच हसेल.

बंदराच्या वाटेपर्यंत तिनं मला स्वतः आणून सोडलं. जाताना माझ्या अर्ध्या कापलेल्या डोक्यावरून हात फिरवून काहीतरी म्हणाली. मला एक शब्द कळला नाही, पण ती माझी कीव करत होती हे नक्की.

गलबत

मोंबासाहून आम्ही रिकामे निघालो. ओमानमधल्या सलाला बंदरात इंधन-पाणी घ्यायचं होतं. दिवाळी समुद्रावरच झाली. त्यानंतर दोन दिवस इतकं वारं सुटलं की ताटातलं वरण ताटाबाहेर जाऊ लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी वारं पडलं, लाटा मात्र तशाच उंच होत्या. मी डेकवर होतो. मला कांद्याचा वास आला.

मी ज्या तालुक्यातला आहे तिथं कांद्याचा वास म्हणजे घरचाच. मला आधी वाटलं भंडारी कांदा चिरतोय. पण वास वाऱ्यावरून येत होता. तेवढ्यात वर जहाज चालवतात त्या ब्रिजवरून आरोळी आली. डाव्या हाताला, लाटांच्या मधे, एक लाकडी गलबत आडवं कललं होतं. त्याचा पुढचा भाग पाण्यात गेला होता, मागं माणसं चिकटून बसली होती आणि एकजण भगवं कापड हलवत होता. आणि त्यांच्याभोवती पाण्यावर कांदेच कांदे. फुटलेल्या पोत्यांतून निघालेले हजारो कांदे लाटांबरोबर वरखाली होत होते.

कॅप्टनसाहेबांनी जहाज वळवलं आणि असं आडवं घातलं की गलबताच्या बाजूचं पाणी जरा शांत व्हावं. आमचं जहाज रिकामं होतं, त्यामुळं त्याची भिंत पाण्यापासून तीन माळे उंच उभी. आम्ही दोराची शिडी सोडली. खालून एकेक माणूस चढू लागला. हात सोललेले, ओठ मिठानं फुटलेले. सहा जण वर आले. सगळे कच्छकडचे, मांडवीच्या आसपासचे. सातवा आलाच नाही.

"बापा नहीं आते," वर आलेल्यांपैकी कानजी नावाचा तरणा माणूस रडत सांगू लागला. "हमारे तांडेल. हाथ टूटा है. बोलते हैं, तुम जाओ." तांडेल म्हणजे गलबताचा कप्तान.

मी खाली पाहिलं. गलबताच्या मागच्या टोकाला सुकाणूपाशी एक म्हातारा बसला होता. एक हात छातीशी धरलेला, दुसऱ्यानं सुकाणू. गलबत आणखी कललं होतं.

चाचा पट्टा आणि दोर घेऊन आले. "कुणीतरी खाली उतरून त्याला बांधायला पाहिजे. हलका माणूस पाहिजे. कोण जातो?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला शौर्य वगैरे काही वाटलं नाही. मला फक्त एवढंच दिसलं की खाली एक माणूस आहे, वर दोर आहे, आणि हे काम मला येतं. मी म्हणालो, "मी जातो. मी विहिरीत उतरतो."

चाचांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं. मग स्वतःच्या हातानं माझा पट्टा आवळला, दोनदा ओढून पाहिला आणि म्हणाले, "दोर मी धरणार. दुसऱ्याच्या हातात देणार नाही."

विहिरीत खाली जमीन असते. इथं खालची जमीन वर येत होती आणि पुन्हा खाली जात होती. एक लाट आली तसा मी जहाजाच्या पत्र्यावर आपटलो आणि गुडघ्याची साल निघाली. दुसऱ्या लाटेला गलबत वर आलं आणि माझे पाय त्याच्या फळ्यांना लागले. मी सरपटत म्हाताऱ्यापाशी गेलो. त्याचे डोळे मिठानं सुजून जवळजवळ मिटले होते.

"बापा, चलो."

"कौन है?"

"ऊपर के जहाज का आदमी. चलो, टाइम नहीं है."

त्यानं मान हलवली. "तांडेल पहले नहीं जाता. मेरे आदमी कहाँ हैं? कितने हैं?"

"सब ऊपर गए, बापा. छह के छह."

"मुझे दिखता नहीं. तू बोलता है, मैं कैसे मानूँ?"

पाणी माझ्या पोटऱ्यांपर्यंत आलं होतं. ओढून न्यावं तर त्याचा हात तुटलेला, आणि सुकाणूवरची त्याची पकड सुटत नव्हती. मग मी वर तोंड करून ओरडलो, "चाचा! त्या सगळ्यांना कठड्याशी उभं करा! एकेकाला नाव सांगायला सांगा, मोठ्यानं!"

क्षणभर काही ऐकू आलं नाही. मग वरून आवाज आला.

"कानजी! बापा, मैं कानजी!"

"मेघजी!"

"हुसेन!"

"राघव!"

"सलीम!"

म्हातारा प्रत्येक नावाला सुकाणूवर एकदा बोट टेकवत होता. सहावं नाव येईना. त्याचं बोट तसंच उभं राहिलं. मग एक बारीक, घोगरा आवाज आला, "दामजी... बापा, दामजी."

म्हाताऱ्यानं सहाव्यांदा बोट टेकवलं. सुकाणू सोडलं. त्याच्यावर एकदा तळहात फिरवला, जसा आपण बैल विकताना पाठीवरून फिरवतो, आणि मला म्हणाला, "चल बेटा."

मी पट्टा त्याच्या काखेखालून घेतला, स्वतःला त्याच्याशी बांधलं आणि ओरडलो, "येऊ द्या!" राजुरीच्या विहिरीत ओरडतो तसाच ओरडलो, मराठीत. चाचांना कळलं. दोर ताणला, पाय सुटले, आणि आम्ही दोघं एकमेकांना धरून वर जाऊ लागलो. डेकवर आल्यावर त्याची सहा माणसं त्याच्याभोवती बसली आणि लहान मुलांसारखी रडली. मी बाजूला जाऊन उलटी केली. तासाभरानं गलबत बुडालं. कांदे मात्र दूरपर्यंत दिसत होते.

सलाला

त्यांचं नाव वेलजीबापा. वय सत्तरच्या आसपास. ते गलबत त्यांच्या वडिलांनी मांडवीला बांधून घेतलेलं. भंडाऱ्यानं खिचडी केली तेव्हा त्यांनी आधी सहाही जणांची ताटं भरलेली ऐकून घेतली, मग घास घेतला. उजवा हात कॅप्टनसाहेबांनी फळीला बांधला होता, म्हणून मी भरवत होतो.

दोन दिवसांत आमची चांगली गट्टी जमली. डोळे उघडल्यावर त्यांनी पहिल्यांदा मला पाहिलं आणि विचारलं, "तेरे बाल को क्या हुआ?" मी विषुववृत्ताची हकिगत सांगितली. तुटका हात धरून ते इतके हसले की कळ आली. त्यांनी आमच्या गावाची चौकशी केली. डोंगरात पाणी कसं शोधता, विहीर किती खोल जाते, खाली उतरताना दोराकडं बघता की नाही. मी सांगत गेलो. शेवटी ते म्हणाले, "तुम लोग नीचे जाते हो, हम लोग दूर जाते हैं. डर एक ही है."

सलालाला पोचल्यावर मी चकित झालो. वाळवंट असेल असं वाटलं होतं, तर रस्त्याकडेला नारळ आणि केळी. चाचा म्हणाले, "हे बघ, माझं दाभोळ इथं आणून ठेवलंय कुणीतरी." बंदरावर वेलजीबापांना आणि त्यांच्या माणसांना न्यायला गाडी आली. ते अनवाणी होते. मी माझ्या चपला काढून त्यांच्या पायांत घातल्या. त्यांनी चांगला हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"घर जाके माँ को सब बताना," ते म्हणाले. "छुपाएगा तो उसको सपने आएँगे. हमारे घर में ऐसा ही होता है."

त्यांच्या गावाचं नाव आणि पत्ता मी खिशातल्या वहीत कानजीकडून लिहून घेतला.

त्यानंतर आणखी सहा महिने मी जहाजावर होतो. काम केलं, बंदरं पाहिली. पण खरं सांगायचं तर भीती मला मागाहून लागली. लाट मोठी आली की पोटऱ्यांना ते पाणी जाणवायचं. मी ठरवलं, हे एवढे महिने काढायचे आणि पुन्हा यायचं नाही. चाचांना सांगितलं तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. "जाऊन घरचं खा, झोप," म्हणाले. "मग ठरव. उपाशी माणसानं काही ठरवू नये."

पुन्हा राजुरी

घरी आल्यावर पहिले चार दिवस मी गलबताचा विषय काढला नाही. पाचव्या दिवशी आई गुडघ्यावरचा वण पाहून म्हणाली, "ह्ये कशानं?" आणि मी चुलीपाशी बसून सगळं सांगितलं. कांद्यांपासून चपलांपर्यंत. अण्णा दारात बसून ऐकत होते. मला वाटलं, आई रडेल किंवा ओरडेल. तिनं भाकरी तव्यावरून उतरवली आणि विचारलं,

"त्याच्या घरी कळवलं का कुनी?"

"कुणाच्या?"

"त्या म्हाताऱ्याच्या. त्यो जित्ता हाये म्हनून."

मी म्हणालो, कळवलं असेल, तो आता घरीच पोचला असेल.

"आसंल म्हंजे? तुला ठावं न्हाई. हात जुळला का, ते बी ठावं न्हाई. पत्ता हाये तर दोन वळी लिव्ह की."

मी म्हणालो की त्यांच्या घरी मराठी कुणाला येणार. पण दुसऱ्या दिवशी तीच मला घेऊन आळेफाट्याला कांतिशेठच्या दुकानात गेली. शेठची बायको कमलाभाभी पालनपूरकडची, तिचं शिक्षण गुजरातीत झालेलं. आई सांगत गेली आणि भाभी गुजरातीत लिहीत गेली. मी संपतची आई. तुमच्या मालकांचा हात कसा आहे. आमच्याकडं सगळं बरं आहे. एवढंच. भाभीनं विचारलं, "आणखी काय?" आई म्हणाली, "बास. बाई मानसाला एवढं कळतंय."

मी अण्णांबरोबर पुन्हा यारीवर जाऊ लागलो. आई खूश होती. दोन वेळा गोडाचं करायची आणि म्हणायची, "हितंच ऱ्हा आता. विहिरी काय कमी हायेत व्हय?" मीही हो म्हणायचो. पण दुपारी यारीच्या इंजिनाशेजारी जेवताना माझी नजर माळशेजच्या डोंगराकडं, समुद्राच्या अंगाला जायची आणि वाटायचं, आत्ता चाचा कुठं असतील. भंडाऱ्यानं मसाला संपवला असेल का. अण्णांनी एकदा विचारलं, "काय शोधतोस डोंगराकडं?" मी म्हणालो, काही नाही.

जहाजाच्या मुंबईच्या ऑफिसातून शेठच्या फोनवर निरोप आला आणि शेठनं तो चिठ्ठीवर लिहून दिला: येणार असशील तर आठवड्यात कळव. मी चिठ्ठी खिशातच ठेवली. आईला शेठकडून कळलंच. दोन दिवस घरात नुसती भांड्यांचीच आदळआपट.

त्याच आठवड्यात शेठनं सांगावा धाडला की गुजराती कार्ड आलंय. आम्ही दोघं गेलो. भाभी गल्ल्यापाशी उभी राहून वाचू लागली, एक ओळ गुजराती, एक मराठी.

"बेन, तुमचं पत्र मिळालं. घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. हात जुळला, थोडा वाकडा राहिला. तुमच्या मुलाला आशीर्वाद." भाभी थांबली, चष्मा सारखा केला. "ते मागच्या अमावास्येनंतर परत दर्यावर गेले. भाच्याच्या गलबतावर. मी या वेळी अडवलं नाही. चाळीस वर्षं अडवून पाहिलं, बेन. घरी ठेवलं तर माणूस घरात असतो, पण घरचा नसतो."

दुकानात एक गिऱ्हाईक साखर मागत होतं. शेठनं त्याला हातानंच थांबवलं.

आईनं विचारलं, "कुनी लिव्हलंय ह्ये?"

"सही आहे ना. जीवीबेन. त्यांची बायको."

आईनं कार्ड हातात घेतलं. तिला ती अक्षरं वाचता येत नव्हती, तरी बराच वेळ पाहत राहिली. मग माझ्याकडं पाहिलं. गेले तीन महिने मी घरात होतो, पण असं तिनं माझ्याकडं पाहिलं नव्हतं.

"यारीवर जेवताना माळशेजचा डोंगुर बघत बसतोस म्हनं. तुझं अण्णा सांगत व्हतं."

मी खाली पाहिलं.

ती शेठकडं वळली. आवाज जरा भरलेला होता, पण साफ होता.

"शेठ, त्या मुंबईच्या हापिसाचा नंबर लावा. ह्यो येतोय म्हनून सांगा. आन् ईचारा, लाडू किती दिस टिकत्यात त्या जहाजावर."